मंदाकिनीच्या नावाची साडी

"पहिली बायको काविळीनं गेली म्हणं," यमुनाआत्या म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यातले रंगवलेले तांदूळ बोटानं सारखे करू लागल्या. "सोलापुरात. मागं लेकरूबाळ न्हाई. मानूस चांगला हाय, बारामतीला मोटरपंपाची एजन्सी हाय. आमच्या कुंदाला एकोणतिसावं लागलं. आता बिजवर तर बिजवर."

मी मान डोलावली. कराडला तेव्हा माझ्याकडं अशा बायका रोज येत. लग्नात मुलीकडून मांडायचं रुखवत मी करून देत असे. लोकरीची तोरणं, साखरेचं तुळशीवृंदावन, तांदळाच्या दाण्यांत लिहिलेली वधूवरांची नावं. गावात मला रुखवतवाल्या प्रभाताई म्हणत, आणि आडनावाच्या भानगडीत कुणी पडत नसे.

"नावं सांगा," मी वही उघडली.

"आमची कुंदा. आन् मुलाचं लिवा, यशवंत रामचंद्र धुमाळ."

मी नाव लिहून घेतलं. वळणदार अक्षरात, काना-मात्रा न चुकवता. तो माझा नवरा होता, आणि काविळीनं मेलेली बायको मी होते.

आरडाओरडा करावा असं वाटलं नाही. उलट डोकं एकदम थंड झालं. मी आत्यांना चहा ठेवला आणि चहा गाळता गाळता विचारलं, पहिलीचं नाव काय होतं हो?

"मंदाकिनी. लई जीव व्हता म्हणं त्येंचा. फोटोसुदिक ठेवला न्हाई, बघवत न्हाई म्हणून."

माझं माहेरचं नाव प्रभा. लग्नात यशवंतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मंदाकिनी' लिहिलं आणि त्या दिवसापासून प्रभा संपली. सहा वर्षं मी सोलापुरात मंदाकिनी म्हणून नांदले. मूल झालं नाही. सातव्या वर्षी दिवाळीला त्यानं मला कराडला भावाच्या दारात आणून सोडलं, आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाला आणि परत फिरकलाच नाही. पत्रं परत आली. हणमंतदादा सोलापूरला जाऊन आला, तर खोली रिकामी. भावजय तोंडावर काही बोलत नसे, पण भांडी आपटण्यातून सगळं बोलून घेई. चार वर्षं मी गळ्यात मंगळसूत्र घालून 'मालक बाहेरगावी असतात' असं सांगत होते. मालकांनी तिकडं मला पोहोचवूनही टाकलं होतं.

आत्या चहा पिऊन उठताना म्हणाल्या, रुखवत फार मोठं नको. मुलाचंच म्हणणं आहे, बिजवराच्या लग्नात विधी कशाला, एकमेकांना हार घालू आणि जेवू.

दुसऱ्या दिवशी मी दादाला घेऊन पोंक्षे वकिलांकडं गेले. म्हातारा माणूस, अशिलापेक्षा शब्दांत जास्त रमणारा. सगळं ऐकून घेतलं, माझ्या लग्नाचा फोटो भिंगातून बघितला आणि म्हणाले, "ताई, याला इंग्रजीत बिगॅमी म्हणतात. शब्द मोठा मजेचा आहे. 'बि' म्हणजे दोन, हे लॅटिन. 'गॅमोस' म्हणजे लग्न, हे ग्रीक. दोन घराण्यांतले दोन तुकडे एकत्र बांधलेत."

दादा चुळबुळ करायला लागला. मला मात्र ऐकावंसं वाटलं. मी विचारलं, मराठीत काय म्हणतात?

"कायद्याच्या पुस्तकात द्विभार्या म्हणतात. बोलण्यात शब्दच नाही. बाईसाठी आहे, सवत. बायको मेलेल्यासाठी आहे, बिजवर. पण पहिली जिवंत असताना दुसरी करणाऱ्या पुरुषाला आपण नावच ठेवलं नाही." ते हसले. "आणि गंमत बघा, तिकडच्या जुन्या धर्मशास्त्रात बायको मेल्यावर दुसरं लग्न करणाऱ्यालासुद्धा हाच शब्द लावत. विधवेशी लग्न करणाऱ्यालाही. आता तसं नाही. आता गुन्हा व्हायचा तर पहिली जिवंत असावी लागते."

"मी जिवंत आहे," मी म्हणाले.

"ते उत्तम आहे. आजच नोटीस देतो, मुलीच्या बापाला कळवतो. लग्न मोडेल, एक मुलगी वाचेल."

"आणि त्याला काय होईल?"

पोंक्ष्यांनी चष्मा काढला. त्याला काही होणार नाही, म्हणाले. लग्न ठरवणं हा गुन्हा नाही, करणं हा गुन्हा. आणि केलं म्हणजे नुसते हार घातले, फोटो काढले, पंगती उठल्या, एवढ्यानं कोर्ट मानत नाही. होम पाहिजे, सप्तपदी पाहिजे. सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. सहावर थांबलं तर कोर्टाच्या लेखी काहीच झालं नाही. गेल्याच वर्षी असा एक खटला ते हरले होते. भटजी साक्षीला उभा राहिला आणि सप्तपदी झाली की नाही ते आठवत नाही म्हणाला. नवरा हसत बाहेर पडला.

मला तेव्हा उमगलं, यशवंतला विधी का नको होते ते. त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. कुंदा नावाची बाई घरात येणार होती आणि वेळ पडली की हीसुद्धा माझी बायको नाही असं म्हणायला तो मोकळा राहणार होता.

"नोटीस नको," मी म्हणाले.

पोंक्ष्यांनी चष्मा परत चढवला. "ताई, मी तुम्हाला लग्न थांबवा असं सांगितलंय. ते लक्षात ठेवा."

"ठेवते," मी म्हणाले.

मी कामाला लागले. माझ्या आयुष्यात इतकं जीव लावून केलेलं काम दुसरं नाही. पांढऱ्या मांजरपाटाची दोन हात रुंद लांब पट्टी घेतली. तिच्यावर सात कमळं भरली आणि प्रत्येक कमळावर तांदळाची छोटी रास ठेवायची जागा केली. पट्टीच्या आधी कुंकवाच्या पाण्याचं पसरट ताट. वधूवरांनी त्यात पाय बुडवायचे आणि पट्टीवरून चालायचं. सात पावलं कापडावर उठतील, मग ती काचेत बसवून आयुष्यभर भिंतीवर लावायची. आत्यांना मी सांगितलं, पुण्याकडं आता सगळे असंच करतात. पुण्याकडं कुणीही असलं काही करत नव्हतं.

पट्टी रुंद ठेवली ती त्याच्या पायासाठी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पंप पडून त्याच्या उजव्या पायाची करंगळी गेली होती. दीड महिना मीच त्या पायाला हळद बांधली होती. तो चेहऱ्यानं खोटं बोलू शकत होता. पाय कुठून खोटं बोलणार होता?

लग्नाला आठ दिवस असताना कुंदा स्वतः आली, फलटणहून एसटीनं. बालवाडीत शिकवायची. सावळी, उंच, हसताना तोंडावर हात ठेवणारी. आल्या आल्या चप्पल काढून माझ्याजवळ बसली आणि न विचारता सुईत दोरा ओवून पाचवं कमळ भरायला लागली.

"ताई, मुलांना पण शिकवीन मी हे," म्हणाली. "किती सुंदर केलंय तुम्ही."

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून एक पुडकं काढलं. आत हिरवी साडी आणि खण होता. म्हणाली, आत्या सांगते की बिजवराशी लग्न करताना पहिलीच्या नावानं एका सवाष्णीला साडी नेसवायची. तिचा आत्मा शांत होतो, नव्या संसारावर तिची नजर पडत नाही.

"लग्नाच्या दिवशी मी ही तुम्हालाच नेसवणार आहे. चालेल ना? मंदाकिनीताईंच्या नावानं."

मी हो म्हणाले.

मग तिनं गळ्यातला काळा दोरा वर ओढून दाखवला. त्यात चांदीचा छोटासा टाक होता, पहिल्या बायकोचा. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं गळ्यात घालायचा असतो तसला. "सोनारानं विचारलं, तोंड कसं करू? मी म्हटलं, हसरं कर. बिचारी लवकर गेली, निदान इथं तरी हसू दे."

मी टाक बोटांत धरून बघितला. माझ्यासारखा मुळीच नव्हता.

तेव्हा बोलायला हवं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. बाई गं, ही मंदाकिनी तुझ्या समोर बसलीय, एवढं एक वाक्य. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण मग चार वर्षांचं सगळं एकदम वर आलं. भावजयीची आपटलेली भांडी, हळदीकुंकवाला बायकांनी मुद्दाम विचारलेलं 'मालक कधी येणार', आणि तिकडं बायको गेली म्हणून लोकांकडून सहानुभूती गोळा करत बसलेला तो. नुसतं लग्न मोडून तो माझ्या हातावर तुरी देऊन गेला असता. मला तो कोर्टात मान खाली घालून उभा असलेला बघायचा होता. त्यासाठी सातवं पाऊल हवं होतं, आणि ते टाकायला कुणाचा तरी पाय हवा होता.

"दोरा घट्ट ओढू नकोस," मी म्हणाले, "कापड गोळा होतं."

लग्न फलटणलाच एका मंगल कार्यालयात होतं. मी सकाळी सातला रुखवत मांडायला गेले. दादा आणि पोंक्षे वकिलांचा कारकून पाहुण्यांत मिसळून मागं बसले. पदर कपाळापर्यंत ओढून मी मुलीच्या खोलीतच राहिले. यशवंत मुंडावळ्या बांधून आला तो मी दाराच्या फटीतून बघितला. पोट सुटलं होतं. बाकी होता तसाच, समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून बोलणारा. त्याच्याकडून नात्याचं असं कुणी नव्हतं, दोन मित्रांनाच त्यानं चुलतभाऊ करून आणलं होतं.

मुहूर्ताआधी कुंदानं मला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, ओटी भरली, हिरवी साडी हातात दिली आणि वाकून पाया पडली. "मंदाकिनीताई, सांभाळून घ्या," ती माझ्याकडं बघून म्हणाली. तिच्या आत्यानं डोळ्यांना पदर लावला. मी आतल्या खोलीत जाऊन ती साडी नेसून आले.

अक्षता पडल्या. हार झाले. भटजींनी होमाची तयारी मांडली, तेव्हा यशवंत उठायला लागला. म्हणाला, आता पंगती बसवा, उन्हाचे लोक ताटकळलेत, माझ्यासारख्याला एवढं पुष्कळ झालं. भटजींची तक्रार नव्हती. कुंदाचे वडीलही, मुलगा म्हणतो तर राहू दे, असं म्हणाले.

"नाही," कुंदा म्हणाली. लग्नाच्या मांडवात नवरीनं बोलायचा तो काळ नव्हता, पण ती बोलली. "ताईंनी महिनाभर बसून सप्तपदी भरलीय. मी त्याच्यावरून चालणार आहे."

माझ्यासाठी म्हणाली ती. यशवंत चारचौघांत हसला आणि बसला. होम पेटला. मी पट्टी अंथरली, सात राशी ठेवल्या, कुंकवाचं ताट ठेवलं. त्याचे पाय माझ्यापासून हातभर अंतरावर होते. फोटोग्राफरला मी आधीच बजावलं होतं, प्रत्येक पावलाचा वेगळा फोटो हवा, तोंडासकट.

दोघांनी ताटात पाय बुडवले आणि पहिलं पाऊल पडलं. भटजी मंत्र म्हणत होते, कुंदा एकेका राशीवर उजवा पाय ठेवत होती आणि तिचा हात धरून तो शेजारून चालत होता. दुसरं, तिसरं. मी मनात मोजत होते. चौथ्याला तिचा तोल गेला आणि माझ्या छातीत धस्स झालं. तिला लागेल म्हणून नाही, ती थांबेल म्हणून. पाचवं पाऊल तिनं स्वतः भरलेल्या कमळावर ठेवलं. सहाव्यावर उभी असताना तिनं मान वर करून मला शोधलं, आणि काम कसं छान झालंय बघा अशा डोळ्यांनी हसली. हात गुंतलेला म्हणून या वेळी तिला तोंड झाकता आलं नाही.

मीही हसले. तिनं सातवं पाऊल टाकलं.

"थांबा," मी म्हणाले. थांबण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मी पदर मागं टाकला आणि पुढं झाले.

यशवंतनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी डोळे भरून बघून घेतलं. तरी तो म्हणालाच, "कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही."

"मी मंदाकिनी," मी म्हणाले. "काविळीनं गेलेली."

मग जे व्हायचं ते झालं. दादानं आमच्या लग्नाचा फोटो हातोहात फिरवला. कारकुनानं भटजींचं नाव-गाव लिहून घेतलं. ते दोन चुलतभाऊ कुणाला काही न सांगता कार्यालयातून निघून गेले. कुंदाचे वडील खुर्चीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. यशवंत माझ्या पाया पडायला आला आणि मी पाय मागं घेतले. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

त्या गोंधळात कुंदा सातव्या राशीवर तशीच उभी होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या अंगावरच्या साडीकडं. मी पट्टी गुंडाळायला वाकले तेव्हा तिनं पाय उचलून मला वाट करून दिली.

खटला तीन वर्षं चालला. यशवंतचा वकील हुशार होता, लग्न पुरं झालंच नाही असं म्हणत राहिला. भटजींनी अपेक्षेप्रमाणे काही आठवत नाही म्हणून सांगितलं. मग पोंक्ष्यांनी कोर्टापुढं माझी पट्टी उलगडली. कुंकू काळपटलं होतं, पण सातही पावलं जागच्या जागी होती आणि शेजारच्या प्रत्येक उजव्या पावलाला करंगळी नव्हती. मॅजिस्ट्रेटनी त्याला बूट काढायला लावले. भरल्या कोर्टात तो एका पायावर उभा राहून मोजा ओढत होता, तेव्हा मी अगदी समोरच्या बाकावर बसले होते. ते बघण्यासाठी मी सगळं केलं होतं आणि ते मी मनसोक्त बघितलं.

कुंदाची साक्ष झाली. तिनं विचारलं तेवढंच सांगितलं. सात पावलं चाललात का? चालले. कुणी जबरदस्ती केली? नाही. त्याला अडीच वर्षं सक्तमजुरी झाली.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात आत्यांबरोबर उभी होती. वाळली होती. बालवाडी सुटली होती, असं आत्यांकडून कळलं होतं. कायद्यानं तिचं लग्न झालेलंच नव्हतं, पण गावाच्या लेखी झालेलं होतं, आणि तिला विचारायला कुणी येत नव्हतं. मी तिच्याजवळ गेले. शेवटी दोघींचं मिळूनच काम झालं होतं, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "साडी घेतलीत तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मी तुमच्या घरी येऊन कमळ भरलं तेव्हा?"

"तेव्हाही."

तिनं मान हलवली. मी हे उत्तर तीन वर्षं तयार ठेवलं होतं, ते दिलं. आधी बोलले असते तर तो सुटला असता, कुंदा. आणखी कुणाला तरी फसवलं असतं त्यानं.

"असेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात माझी नजर तिच्या गळ्याकडं गेली. काळा दोरा तसाच होता, आणि त्यात तो चांदीचा टाक.

"हा कशाला ठेवलास अजून?" मी म्हणाले. "मी जिवंत आहे की."

"त्याच दिवशी काढणार होते," ती म्हणाली. "दोरा तोडायला विळीपाशी बसले होते. मग वाटलं, मंदाकिनीताई जिवंत असत्या तर पहिल्याच पावलाला बोलल्या असत्या."

तिनं टाक पोलक्याच्या आत सारला, पदर नीट केला आणि आत्यांचा हात धरून एसटी स्टँडकडं चालू लागली. मी तिला हाक मारणार होते. काय म्हणणार होते ते आजही सांगता येत नाही. मी तोंड उघडलं, तोवर मागून दादा आला आणि त्यानं त्यात पेढा घातला.